अनुभव धागा : पाळकबाई गावाला गेल्या की…

सलाम मंडळी,

मी सोलापुरातल्या एका ख्रिस्ती मंडळीचा (चर्चचा) पाळक, म्हणजे पास्टर. बायको नर्सिंगची शिक्षिका, मिरजेच्या वानलेस हॉस्पिटलमध्ये शिकलेली. वर्षातून दोनदा ती प्रात्यक्षिक परीक्षा घ्यायला बाहेरगावी जाते. एरवी आठवडाभराचं काम असतं, यंदा मिरज, नाशिक, नागपूर असे सलग २१ दिवस लागलेत. आज तेरावा दिवस. शब्द जरा वाईट पडला, पण मोजणी तीच.

पहिले दोन दिवस शाळेला सुट्टी लागल्यासारखे गेले. रात्री अकराला आम्लेट, जेवणाच्या टेबलावर पुस्तकं, विचारणारं कुणी नाही. तिसऱ्या रात्री पाणी आलं. आपल्याकडे पाणी चार-पाच दिवसांआड येतं हे सोलापूरकराला सांगायला नको, पण ते येतं कसं हे मला एकोणीस वर्षांच्या संसारात ठाऊक नव्हतं. आधी नळ खोकतो, मग शेजारची मोटर लागते, आणि त्या आवाजाला ही झोपेतून उठते. मी उठलो नाही. सकाळी हौद कोरडा आणि नऊ वाजता दफनविधी, मंडळीतल्या एका आजींचा. माठातल्या दोन तांब्यांत अंघोळ उरकली, झगा चढवला. कबरीशी उभा राहून मातीला माती म्हणताना मानेवर न धुतलेला साबण चिकचिकत होता.

मग दारावरची बेल. लोक विचारतात, "पाळकसाहेब आहेत का?" आत येतात, बसतात, इकडचं तिकडचं बोलतात आणि उठतात. एक बाई पंधरा मिनिटं नुसती पाणी पीत बसल्या. मी प्रार्थना केली, त्या आमेन म्हणाल्या आणि गेल्या. रात्री फोनवर सांगितलं तर ही म्हणाली, "अहो, त्यांच्या पायाला जखम आहे, शुगरची. मला दाखवायला येतात. तुम्हाला कशा दाखवतील?" फ्रिजवर हिची एक वही असते. मला ती दुधाच्या हिशोबाची वाटायची. उघडून बघितली तर कुणाचं बीपी किती, कुणाच्या मुलाची दारू सुटली आणि कधी पुन्हा लागली, महिला मंडळात कोणत्या दोघींना शेजारी बसवायचं नाही, असं सगळं. मंडळी मी चालवतो असा माझा समज होता.

श्रद्धेचं म्हणाल तर एक गोष्ट खटकली. रोज साडेनवाला आम्ही दोघं घरची प्रार्थना करतो. शेवटी ती माझं नाव घेते. मी दिवसभर शंभर जणांची नावं देवासमोर घेतो, पण माझं नाव मोठ्याने घेणारी ती एकटीच. ती गेली त्या रात्री आमेन म्हटल्यावर काहीतरी राहिल्यासारखं वाटलं. मग मीच माझं नाव घेऊन पाहिलं. स्वतःच हार आणून स्वतःचा सत्कार केल्यासारखं झालं.

स्टेशनवर निरोप देताना मी बायबलमधलं, उत्पत्तीच्या ३१व्या अध्यायातलं मिस्पाचं वचन म्हटलं होतं, आपण एकमेकांच्या नजरेआड असताना परमेश्वर पाहत राहो, ते. लग्नात, निरोपात आपण ते सर्रास वापरतो. ही डब्याच्या दारातून म्हणाली, "ते लाबानाने याकोबाला ऐकवलंय. माझ्या मुलींना छळलंस तर देव बघतोय, अशी सासऱ्याची धमकी आहे ती." आणि गाडी सुटली.

तुमच्याकडे कसं असतं? पाळक, पाळकबाई, पाळकांची पोरं, मंडळीतले, बाहेरचे, कुणीही लिहा. नावं टाळा. उपदेश नको, तो माझा धंदा आहे.

कडकभाकरी

पाळकसाहेब, सलाम. मी मंडळीच्या बाजूने लिहिते. १९७० साली वेगवेगळ्या प्रॉटेस्टंट मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं तेव्हा मी शाळेत होते. त्याआधीचं आमचं सगळं वळण अमेरिकन मराठी मिशनचं. पाळक येतात, बदलून जातात, आम्ही आपले त्याच बाकावर. पाळकबाई माहेरी गेल्याचं बायकांना दूधवाल्याकडून कळतं आणि दुपारपर्यंत डबे सुरू होतात. मागे एका पाळकांकडे एकाच दिवशी सात घरची शेंगाचटणी गेली होती. कुणी कुणाला विचारत नाही, कारण विचारलं तर दुसरी म्हणेल "मी देतेय की", आणि आपला मान जातो.

त्या पाळकांनी सगळी चटणी एका बरणीत ओतली. प्रत्येक घरची लसूण वेगळी, तिखट वेगळं. ते कसं कळलं म्हणाल, तर मी स्वतः स्वयंपाकघरात जाऊन पाहिलं. जीव हळहळला हो.

कडक भाकरी आणि चटणीवर माणूस महिनाभर निघतो, एवढं लक्षात ठेवा. बायबलमधला एलीया संदेष्टा झाडाखाली पडून मरण मागत होता, तेव्हा देवदूताने त्याला आधी भाकर खायला लावली, बोलणं नंतर.

रनिंगरूम

आमच्याकडे पाळक मी आणि फिरणारे मिस्टर. लोको पायलट आहेत. कधी दौंड, कधी वाडी, तिकडे रनिंग रूममध्ये विश्रांती, मग परतीची गाडी. ते तीन आठवडे कधी जात नाहीत, पण घरी नक्की कधी असतील तेही सांगता येत नाही. मला आठवड्याचा वार कळतो रविवारवरून, त्यांना कळतो ड्यूटीच्या चार्टवरून. नाताळच्या सकाळी मी उपासना घेत असताना ते कितीदा तरी कुठल्यातरी सिग्नलला उभे होते.

बाई पाळक आणि नवरा घरी नाही म्हटलं की मंडळीतल्या काही वडीलधाऱ्यांना फार काळजी वाटते. रात्री आठनंतर घरभेटीला जाऊ नका, कमिटीची मीटिंग तुमच्या घरी नको. पुरुष पाळकाची बायको गावाला गेली की डबे येतात. माझा नवरा ड्यूटीवर गेला की सूचना येतात. पाच वर्षांत एकही डबा नाही. कडकभाकरी ताई, रागावू नका, पण लिहिलं.

प्रार्थनेबद्दल एकच सांगते. आमच्या घरातून रुळांचा आवाज येतो. रात्री मालगाडी गेली की मी झोपेतच म्हणते, जो कुणी असेल त्याला सांभाळ. आपलाच माणूस असेल असं नाही. पूर्वी फक्त यांच्यासाठी म्हणायचे. ते कधी बदललं ते आठवत नाही.

अशोक चौक

आमची तेलुगू मंडळी. आमच्याकडे पाळकाला अय्यगारू म्हणतात आणि त्यांच्या बायकोला अम्मागारू. बरेचसे लोक चादर-टॉवेलच्या कारखान्यातले, त्यामुळे प्रार्थनासभा पाळी सुटल्यावर, रात्री. अम्मागारू बाळंतपणासाठी मुलीकडे हैदराबादला गेल्या तेव्हा चार महिने गाण्यांची पट्टीच हरवली होती. अय्यगारू सुरू करायचे खर्जात आणि तिसऱ्या कडव्याला आम्ही सगळे गप्प. बाकी काही अडलं नाही.

टेपरेकॉर्डर

पाळकाचा मुलगा. आता पुण्यात नोकरी. मी सहावीत असताना आई नर्स म्हणून सौदीला गेली, दोन वर्षांसाठी. पाळकाच्या पगारात ताईचं शिक्षण बसत नव्हतं, एवढंच कारण. मंडळीत मात्र "पाळकांनी बायकोला पैशासाठी पाठवलं" असं झालं. पप्पा त्यावर कधी बोलले नाहीत.

फोन महाग, त्यामुळे आई कॅसेट पाठवायची. सुट्टीवर येणाऱ्या कुणाच्या तरी बॅगेतून यायची, साबणाच्या वड्यांमध्ये गुंडाळलेली. साठ मिनिटांची. ए बाजू आम्हा भावंडांना, बी बाजू पप्पांना. बी बाजू लागली की आम्हाला अंगणात पाठवायचे. एका शनिवारी पप्पांनी रविवारचा संदेश (प्रवचन) आधी रेकॉर्ड करून पाहायला टेप लावला, ऐकून दुरुस्त्या करायची त्यांची सवय होती. कॅसेट उलटी पडली आणि बी बाजूवर पप्पांचा संदेश चढला. विषय होता येशूचा शिष्य पेत्र याच्या सासूचा ताप. (सासू होती म्हणजे बायको होती, आणि ती पुढे पेत्राबरोबर फिरायची असं पौल करिंथकरांना लिहितो, हे पप्पा नेहमी सांगत.)

पप्पा रडताना मी पहिल्यांदा तेव्हा पाहिलं. शेवटची तीनेक मिनिटं वाचली होती. त्यात आई फक्त एवढंच सांगत होती की गॅसची नळी बदलून घ्या, दोन वर्षं झाली. पप्पांनी नळी सोमवारीच बदलली. ती कॅसेट अजून माझ्याकडे आहे. वाजवायला यंत्र नाही.

टाळकरी

मी ख्रिस्ती नाही, पण बाहेरचेही लिहा म्हणालात म्हणून. पंढरपूर तालुक्यातला आहे, वडील कीर्तनकार. आयुष्यभर फिरणारे तेच. एका वर्षी त्यांचा पाय मोडला आणि आई म्हणाली, "वारी चुकवायची नाही, मी जाते." आळंदीपासून पालखीबरोबर चालत, अठरा-वीस दिवस. तीस वर्षं संसाराच्या असारतेवर कीर्तन केलेले आमचे आण्णा पलंगावर पडून पहिल्या दिवशी विचारत होते, "मिठाचा डबा कुठाय रे?" ना. वा. टिळकांनी ख्रिस्तावर अभंग लिहिले, तेव्हा चाल तुमची-आमची एकच आहे. मिठाच्या डब्याचंही तसंच दिसतंय.

सातरस्ता

पाळकबाई आहे, सव्वीस वर्षं. आम्ही गावाला गेलो की तुम्हाला सगळ्यांना वही सापडते. आम्ही घरात असताना ती फ्रिजवरच असते.

बारा ते तीन

बरेच दिवस लिहू की नको चाललं होतं. निवृत्त पाळक आहे.

हिच्या पोटात गाठ निघाली. वेल्लोरला दाखवायचं ठरलं. ऑपरेशनची तारीख मिळाली ती दुःखसप्ताहातली, ईस्टरच्या आधीच्या आठवड्यातली. मी म्हणालो पुढची घेऊ. ती म्हणाली, "डॉक्टर तारीख देतात तेव्हा घ्यायची असते." मुलगी तिला घेऊन गेली, सोलापूरहून गाडीत बसवून दिलं, वेल्लोरसाठी काटपाडीला उतरायचं. मी थांबलो. उत्तम शुक्रवारची (गुड फ्रायडेची) तीन तासांची उपासना, येशूचे वधस्तंभावरचे सात उद्गार, आणि त्या वर्षी दुसरा पाळक मिळत नव्हता. मिळत नव्हता की मी नीट विचारलंच नाही, हे आता सांगता येत नाही.

एप्रिल महिना, दुपारचे बारा. पंखे गरम हवा फिरवत होते. पुढच्या बाकावरचे आजोबा रुमाल ओला करून डोक्यावर ठेवून बसले होते. सगळ्यांना वाटतं पाळकाला चौथा उद्गार जड जातो, "माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?" तो मी नीट घेतला, तो पाठच होता. मी अडकलो तिसऱ्यावर. आईला शिष्याच्या हवाली करतो, तो. इतक्या वर्षांत त्यावर मी मंडळी हेच कुटुंब वगैरे बोलत आलो होतो. त्या दिवशी दिसलं ते एवढंच, की खिळे ठोकलेले असताना हा माणूस घरची सोय लावतोय. आणि माझे हातपाय मोकळे होते.

मी किती वेळ गप्प उभा होतो माहीत नाही. सेक्रेटरींनी उठून गीत सुरू केलं. लोकांना वाटलं पाळक भरून आले. दारात हस्तांदोलन करताना तिघा-चौघांनी सांगितलं की असा संदेश आजवर ऐकला नव्हता.

गाठ साधी निघाली. सहाव्या दिवशी ती फोनवर बोलली, पहिला प्रश्न, "उपासनेला माणसं किती होती?" मी आकडा सांगितला. पुढे जवळजवळ महिनाभर मला एकट्याने प्रार्थना जमली नाही. व्यासपीठावर जमायची, बाप्तिस्मा दिला, प्रभुभोजन दिलं, शब्द तोंडात तयार असतात. खोलीत गुडघे टेकले की नुसता पंख्याचा आवाज. हे मी तिला कधी सांगितलं नाही. ती परत आल्यावर अंथरुणावर पडूनच म्हणाली, "आज मी करते," आणि केली. दोन ओळींची होती.

धागा काढणारा

सगळ्यांचं वाचलं. बारा ते तीन, तुमचं दोनदा वाचलं, उत्तर द्यायला बसलो आणि उठलो. रनिंगरूम, आमच्या महिला मंडळाला तुमचं म्हणणं वाचून दाखवलं. शांतता पसरली, मग चहा आला. सातरस्ता, मान्य.

आज विसावा दिवस. ती नागपूरहून पुण्याला पोचली, मुलीकडे आहे. उद्या संध्याकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसने निघेल, दहाच्या सुमारास सोलापूर. पाणीही उद्या रात्रीच यायचं आहे. मी मोबाईलला गजर लावलाय, शेजारच्या काकूंनाही सांगून ठेवलंय की मोटर लावली की आमची खिडकी वाजवा.

आता डब्यांचं. ओट्यावर सतरा डबे घासून ठेवलेत. डबा रिकामा परत करायचा नसतो एवढं मलाही माहीत आहे. फोनवर विचारलं, तर म्हणाली, "मूठमूठ साखर घाला." साखर आणली. कुणाचा कोणता हा प्रश्न नाही, स्टीलच्या भांड्यांवर नावं कोरलेली आहेत. एक आइस्क्रीमचा प्लास्टिकचा डबा बेवारस आहे, त्याचं बघू.

एकावर मात्र त्या आजींचं नाव आहे, ज्यांना मी साबण लागलेल्या मानेने माती दिली. सुनेने पाठवला होता, पिठलं होतं त्यात. दुःखाच्या घरी साखर घालून द्यायची की नाही, हे हिला विचारायचं राहिलंय.