प्रतिसाद: गोल गोल फिरण्यात काय ते पाहायचं?

वर एकांनी विचारलंय, शर्यतीच्या गाड्यांनी अर्ध्या मैलाच्या मातीच्या ट्रॅकवर गोल गोल फिरण्यात काय एवढं पाहायचं? डांबरी ट्रॅकबद्दल विचारलं असतंत तर मी फारसा वाद घातला नसता.

मातीची गोष्ट निराळी, कारण इथे ट्रॅकच रात्रभर बदलत राहतो. सुरुवातीला पाणी मारलेली चिकणमाती टायरला घट्ट धरते. मग गाड्या फिरतात तशी ती सुकते, काळी पडून गुळगुळीत होते, आणि सुटी माती बाहेरच्या कडेला साचून तिचा बांध तयार होतो. आता आतल्या बाजूने जवळचा रस्ता धरायचा, की त्या बांधाला मागचं चाक टेकवून वेग राखायचा? बांध ओलांडला की थेट भिंत. वळण डावीकडे आणि पुढची चाकं उजवीकडे, अशी आडवी घसरत जाणारी गाडी ड्रायव्हर ॲक्सिलरेटरनेच वळवतो.

अमेरिकेत ओहायोतला एल्डोरा बघा. १९५४ पासूनचा ट्रॅक, २००४ मध्ये टोनी स्टुअर्टने विकत घेतला. स्वतः नॅसकारचा, म्हणजे अमेरिकेतल्या सगळ्यात मोठ्या स्टॉक कार शर्यतींचा चॅम्पियन, पण जीव मातीत! नॅसकारच्या मुख्य मालिकेने १९७० नंतर माती सोडली होती. पुढे २०२१ ते २०२३ टेनेसीतल्या ब्रिस्टॉल ट्रॅकच्या काँक्रीटवर माती अंथरून शर्यती घेतल्या. मला तो प्रकार जरा ओढूनताणून वाटला. त्या गाड्यांना पुढे काच असते, तिच्यावर चिखल बसला की दिसणार काय? मातीवरच्या ‘लेट मॉडेल’ प्रकारच्या शर्यतीच्या गाड्यांना पुढे काचच नसते, फक्त जाळी.

यूट्यूबवर एल्डोराची एखादी लेट मॉडेल शर्यत पाहा. शेवटच्या दहा फेऱ्या तरी.