रविवारच्या सामूहिक फेरीत जुनी सायकल चालेल काय?

प्रश्न (आर्वी तालुका):
आमच्या भागातील सायकल क्लब रविवारी वर्ध्याहून सेवाग्राम आणि पुढे धाम नदीकाठच्या पवनारपर्यंत फेरी काढतो. माझ्याजवळ वडिलांची बिनगिअरची, दांडीची सायकल आहे. माझ्यामुळे इतरांचा खोळंबा होईल, अशी धास्ती वाटते. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

उत्तर (सेलू):
अवश्य यावे. ही काही 200 किलोमीटर साडेतेरा तासांत संपवावयाची ब्रेव्हे (लांब पल्ल्याची, वेळेचे बंधन असलेली सायकल फेरी) नव्हे; येथे गट सर्वांत हळू चालवणाऱ्याच्या वेगाने जातो आणि एक अनुभवी सदस्य मुद्दाम सर्वांच्या मागे राहतो. मे महिन्यात पारा 45 अंशांवर जात असल्याने तेव्हा मात्र उजाडताच निघून नऊच्या आत घर गाठावे.

उत्तर (देवळी):
वेगापेक्षा बाभळीच्या काट्यांची चिंता करावी. गेल्या हिवाळ्यात आम्ही चहाला थांबलो असताना माझे चाक बसले. मी घाईने नवी ट्यूब टाकली आणि टायरमध्ये मोडून राहिलेल्या काट्याने तीही दहा मिनिटांत फुटली. तेव्हापासून टायरच्या आतून फडके फिरवून पाहतो. ते अडकते तेथे काटा असतो. आपली चाके 28 इंची असल्यास ट्यूब स्वतःचीच आणावी, कारण इतरांची बसेलच असे नाही. पावसाळ्यात पांदण रस्ता टाळावा. काळी माती मडगार्डात भरली की सायकल खांद्यावर घ्यावी लागते (आणि आपली सायकल हलकी नाही).

प्रश्नकर्ता:
आभारी आहे. ट्यूब आजच आणतो, रविवारी येतो.