टेक्सासमध्ये चितळासाठी पहिली रायफल: .३०८ घ्यावी की ६.५ क्रीडमूर?

सातारकर_ऑस्टिन

नमस्कार मंडळी, इथे टेक्सासमध्ये शिकार करणारं कोणी आहे का? मी ऑस्टिनला असतो, ग्रीन कार्ड झालंय. ऑफिसातल्या मित्राच्या सासऱ्यांचं जंक्शन गावाच्या बाजूला रँच आहे, तिथे चितळं भरपूर झालीत (इकडे ॲक्सिस म्हणतात, जनावर आपलंच), मागच्या उन्हाळ्यात नुसता बघायला गेलो होतो, या वेळी ते म्हणाले स्वतःची रायफल घेऊन ये. मचाणावर बसलं तर फीडर (जनावरांना दाणे टाकणारं यंत्र) ८०-१०० यार्डांवर असतो, पायी फिरलं तर १५० ते २००, त्याच्या पलीकडे मी मारणार नाही हे नक्की ठरवलंय. दुकानात गेलो तर तिथला माणूस थेट .३०० विन मॅग दाखवायला लागला, मित्र म्हणतो .३०-०६ शिवाय दुसरं काही बघूच नको, आणि व्हिडिओ बघावेत तर सगळे ६.५ क्रीडमूरच्या मागे लागलेत (ही सगळी काडतुसांची नावं). स्कोप धरून १२०० डॉलरपर्यंत जाईन. माझी अंगकाठी बारीक आहे आणि बायकोलाही शिकायचंय. काय घेऊ?

केरव्हिल_काका

पहिलं म्हणजे मॅग्नम डोक्यातून काढून टाक. चितळाचा मोठा नर दीडशे-पावणेदोनशे पौंडांचा, म्हणजे इथल्या व्हाइटटेल हरणाच्या आसपासच, त्याला २०० यार्डांवर .३०० विन मॅग लागत नाही.

आता तुझे दोन पर्याय. .३०८ विंचेस्टर १९५२ पासून बाजारात आहे, ६.५ क्रीडमूर हॉर्नाडीने २००७-०८ च्या सुमारास आणलं. इंटरनेटवर दोन्ही बाजूंनी हाणामारी चालते पण तुझ्या अंतराला हिशोब काय लागतो बघ. .३०८ ची १५० ग्रेन वजनाची गोळी साधारण २८०० फूट प्रति सेकंदाने निघते, ६.५ ची १४३ ग्रेनची २७०० ने. दोन्ही २०० यार्डांवर झिरो केल्या, म्हणजे तिथे बरोबर मध्यावर लागतील असा स्कोप जुळवला, तर १०० वर पावणेदोन-दोन इंच वर लागतात, ३०० वर साडेसात-आठ इंच खाली जातात, आणि २०० वर अंगातली ताकदही जवळजवळ तेवढीच, १८०० फूट-पौंडांच्या आगेमागे. ६.५ ची गोळी लांब आणि निमुळती, वारा कमी खाते, पण तो फायदा खरा दिसायला लागतो ४००-५०० च्या पुढे, जिथे तू जाणारच नाहीस.

मग फरक कुठे पडतो, तर खांद्यावर. साडेसात-आठ पौंडांच्या रायफलीत .२४३ चा धक्का साधारण ९ फूट-पौंड, ६.५ चा १२, ७एमएम-०८ चा १३ च्या आसपास, .३०८ चा १६-१७, .३०-०६ चा २०. नवीन माणूस १६-१७ ला हळूहळू दचकायला लागतो, गोळी सुटायच्या आधीच डोळे मिटतात, ट्रिगर दाबायच्या ऐवजी हिसडला जातो आणि गोळी फुफ्फुसाच्या जागी पोटात जाते. पोटात लागलेलं चितळ सिडरच्या झाडीत घुसलं की संपलं, तिथे माग काढणं फार कठीण, आणि जनावर तासन्‌तास तडफडतं. म्हणून माझं मत ६.५. ते नको असेल तर ७एमएम-०८, ते माझं स्वतःचं आवडतं आहे पण गावातल्या छोट्या दुकानात त्याची पेटी मिळेलच असं नाही, .३०८ आणि ६.५ मात्र सहसा मिळतात.

रायफल बोल्ट ॲक्शन घे, म्हणजे प्रत्येक गोळीला हाताने बोल्ट मागेपुढे सरकवायचा. रुगर अमेरिकन किंवा सॅवेज ॲक्सिस घेतलीस तर स्कोपला आणि गोळ्यांना पैसे उरतात. टिका टी३एक्स सुंदर रायफल आहे, बोल्ट लोण्यासारखा सरकतो, पण तुझं बजेट तिथेच संपेल आणि वरती हलक्या दर्जाचा स्कोप बसवावा लागेल, ते मला पटत नाही. ३-९x४० चा (३ ते ९ पट मोठं दाखवणारा, पुढची काच ४० मिमीची) बऱ्यापैकी चांगला स्कोप घे, चितळं येतात ती पहाटे आणि दिवस मावळताना, तेव्हा काच चांगली नसेल तर झाडीच्या सावलीत नर कुठला आणि मादी कुठली हेही कळत नाही.

डॅलसची_दिपाली

काकांशी सहमत, फक्त एक राहिलं. दोघं वापरणार असाल तर दस्त्याची लांबी बघा, म्हणजे ट्रिगरपासून खांद्याला टेकणाऱ्या टोकापर्यंतची. साधारण रायफलीचा दस्ता पावणेचौदा इंचांच्या आसपास असतो, माझ्या उंचीला तो लांब पडतो, मग मान पुढे ताणायची, गाल नीट टेकत नाही, स्कोपमध्ये काळी कड दिसते आणि धक्का खांद्याऐवजी दंडावर बसतो. बऱ्याच कंपन्यांच्या कॉम्पॅक्ट मॉडेलला दस्ता इंचभर आखूड असतो. तुम्ही आखूड दस्ता सहज वापरू शकाल, वहिनींना लांब दस्ता वापरता येणार नाही, त्यामुळे दुकानात त्यांना बरोबर घेऊन जा आणि खांद्याला लावून बघू द्या.

मी स्वतः .२४३ वापरते, १०० ग्रेनची गोळी, २०० यार्डांच्या आत बरगडीमागे लागली तर जनावर फार लांब जात नाही. खांद्याच्या हाडातून घालायची गोळी ही नव्हे, त्यामुळे तिरपं उभं असेल तर मी सोडून देते.

आणि मझल ब्रेक (नळीच्या तोंडावर बसवतात तो) लावून घेऊ नका. धक्का कमी होतो खरं, पण बंद लाकडी मचाणात त्याचा आवाज भयंकर होतो. ब्रेक असो वा नसो, कानाला संरक्षण दोघांनीही लावायचंच.

ताडोबा_प्रेमी

विषय रायफलीचा आहे माहितीये, पण मनातलं बोलतो. चंद्रपूरकडचा आहे मी, चितळाचा कॉल ऐकला की वाघ हललाय हे लहानपणापासून कळतं, त्या जनावरावर अशी बंदुकीची चर्चा वाचून कसंतरी होतं. आपल्याकडे १९७२ च्या कायद्याने शिकार बंद झाली ती उगाच नाही.

केरव्हिल_काका

तुझं दुखणं समजतं रे, मीही नागपूरचा, पेंचला जाऊन वाढलो. पण इथे चितळ पाहुणं आहे, १९३२ मध्ये शिकारीसाठी आणून सोडलेलं, आणि त्याच्यामागे ना वाघ ना रानकुत्रा. वर्षभर विणतं, गवतही खातं आणि पालाही, त्यामुळे दुष्काळात इथल्या मूळच्या व्हाइटटेलला काही उरत नाही, ओढ्याकाठची कोवळी झाडं वर येत नाहीत. म्हणूनच राज्याने त्याला खासगी जमिनीवर ना हंगाम ठेवलाय ना मर्यादा. ताडोबात जे जंगल चितळावर उभं आहे तेच इथे चितळामुळे उघडं पडतंय. नीट मारून मांस वापरणारा माणूस त्या जमिनीचं नुकसान करत नाही असं माझं प्रामाणिक मत आहे.

ताडोबा_प्रेमी

हे माहीत नव्हतं. बघवणार नाही मला, पण तुमची बाजू कळली.

ह्यूस्टन_हिरवे

सगळे काडतुसावर बोलताय, गोळी कुठली ते कोणी बोलेना. सरावाला मिळणाऱ्या स्वस्त फुल मेटल जॅकेट गोळ्या शिकारीला अजिबात वापरू नका, त्या फुलत नाहीत, सुईसारख्या आरपार जातात आणि जनावर जखमी होऊन पळतं. साधी सॉफ्ट पॉइंट, म्हणजे मऊ टोकाची, कोअर-लॉक्ट नाहीतर पॉवर-शॉक यांसारखी, या अंतराला पुरेशी आहे. पण घरात लहान मुलं ते मटण खाणार असतील तर मी तांब्याची गोळी सांगेन. शिशाची गोळी फुटली की बारीक कण जखमेपासून बरेच लांब मांसात पसरतात, डोळ्यांना दिसतही नाहीत, खिम्यात तर हमखास जातात. तांब्याची गोळी त्याच वजनाला जास्त लांब होते म्हणून एक पायरी हलकी घ्यायची, ६.५ मध्ये १२० ग्रेनच्या आसपास. फक्त ती आरपार जायची शक्यता जास्त, आणि चितळं कळपाने एकमेकांना चिकटून उभी असतात, त्यामुळे मागे दुसरं जनावर नाही ना हे बघूनच बोट ट्रिगरवर. मला तर रायफलीच्या निवडीपेक्षा ही सवय महत्त्वाची वाटते.

सातारकर_ऑस्टिन

खूप आभार सगळ्यांचे. ६.५ मध्ये कॉम्पॅक्ट बघतो, बायकोला घेऊनच जातो. दोन शंका उरल्यात, झिरो कसं करायचं आणि कागदपत्रं काय लागतात? आमच्या ग्रुपमधला एक एच-१बी वरचा मित्रही विचारतोय.

केरव्हिल_काका

आधी कागदपत्रं. चितळाला हंगाम नसला तरी हंटिंग लायसन्स लागतं. २ सप्टेंबर १९७१ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना हंटर एज्युकेशनचा कोर्सही लागतो, तो दोघांनी मिळून करा. दुकानात ४४७३ नंबरचा फॉर्म भरायचा, ग्रीन कार्ड आणि फोटो ओळखपत्र जवळ ठेव, ते तिथल्या तिथे बॅकग्राउंड चेक करतात. एच-१बी वाल्याला फेडरल कायद्याने मुळात बंदूक बाळगायला मनाई आहे, वैध हंटिंग लायसन्स हा त्यातला एक अपवाद, पण त्याने वकिलाला विचारल्याशिवाय बंदुकीला हातही लावू नये, व्हिसाचा प्रश्न आहे. आणि हो, शिंगं भारतात न्यायचा विचारसुद्धा करू नकोस.

झिरोचं म्हणशील तर सुरुवात २५ यार्डांवर कर. बहुतेक स्कोपचा एक क्लिक १०० यार्डांवर पाव इंच सरकवतो, २५ वर त्याचा चौथा हिस्सा, म्हणजे गोळी इंचभर डावीकडे लागली तर सोळा क्लिक उजवीकडे. तिथे मध्यावर आली की १०० वर जा, तीन गोळ्या मार, नळी गार होऊ दे, हलक्या रायफलीची नळी तापली की गोळ्या पसरतात आणि माणूस उगाच स्कोप फिरवत बसतो. १०० वर पावणेदोन इंच वर ठेव आणि मग २०० वर स्वतः मारून खात्री कर, पेटीवर छापलेल्या तक्त्यावर विसंबू नकोस. टेबलावरचा सराव झाला की जमिनीवर बसून, काठीच्या आधाराने मार, कारण रँचवर टेबल नसतं. आठ इंचांची कागदी थाळी लाव, जितक्या अंतरावरून प्रत्येक गोळी त्या थाळीत जाते तेवढंच तुझं अंतर, मग ते १२० यार्ड का असेना.

डॅलसची_दिपाली

आणि मे-जूनमध्ये जाताय तर गाडीत दोन मोठे कूलर आणि भरपूर बर्फ हवाच. त्या उन्हात मांस लगेच बिघडायला लागतं, पडल्या पडल्या पोट साफ करून आत बर्फाच्या पिशव्या घाला, फोटो नंतर काढा.