एनसीसी नेव्हलचा सेलिंग कॅम्प, मुलीला पाठवू का?

स्वप्ना_कोथरूड
नमस्कार, माझी मुलगी एस.वाय.ला आहे, एनसीसी नेव्हल विंगमध्ये. दिवाळीनंतर कोकणात सेलिंग कॅम्प आहे त्यात तिचं सिलेक्शन झालंय, मुलं-मुली मिळून शिडाच्या बोटी घेऊन रत्नागिरीहून जयगड, दाभोळ करत हर्णैपर्यंत जाणार, मुक्काम वाटेत किनाऱ्यावर. ती नुसती हवेत आहे. पण आतापर्यंत धरणाच्या पाण्यातच केलंय सेलिंग, पोहता येतं पण समुद्रात कधी नाही. सासूबाईंचा साफ नकार. मला पाठवायचंय पण तिथे नेमकं काय असतं हेच माहीत नाही, बोट केवढी, उलट्या झाल्या तर, मुलींच्या टॉयलेटचं काय, पाळी आली तर. कोणी केलंय का?

जिबवाली
ताई मी केलाय, नक्की पाठवा. बोट म्हणजे व्हेलर, २७ फुटी, उघडी, केबिन वगैरे काही नाही. मधून खाली सोडायचं पातं असतं, ड्रॉप कील म्हणतात, त्याने बोट आडवी वाहत जात नाही. आता वारा समोरून असेल तर बोट सरळ जातच नाही, साधारण पंचेचाळीस अंश धरून नागमोडी जावं लागतं. प्रत्येक वळणाला कॉक्सन, म्हणजे बोट चालवणारा, 'रेडी अबाउट' ओरडतो, मग जिबच्या, म्हणजे पुढच्या छोट्या शिडाच्या दोरीवर जी बसलीय तिने दोरी सोडायची, समोरच्याने त्याच क्षणी ओढायची, बाकीच्यांनी मान खाली घालून दुसऱ्या बाजूला सरकायचं. एकाने उशीर केला की बोट वाऱ्यात तोंड खुपसून थांबते, शिडं फडफडत बसतात, मग काढा वल्ही. वारा पडला तरी तेच, पुलिंग. तळहाताला फोड येतात ते येतातच.

आमच्या बोटीत एक फार हळू बोलणारी मुलगी होती. तिला टिलर, म्हणजे सुकाणूचा दांडा, दिला तर तिची ऑर्डर पुढे पोचेचना, तर मधल्या बाकावरच्या मुलाने कोणी न सांगता तिचा शब्द पुढे ओरडून द्यायला सुरुवात केली. जयगडच्या आत शिरताना तीच इतकी खणखणीत ओरडत होती की त्याची गरजच उरली नव्हती. वेगवेगळ्या कॉलेजची पोरं होतो आम्ही, पण एका बोटीत बसलं की रुसून कोपऱ्यात जायला कोपराच नसतो.

टॉयलेटचं खरं सांगते, दिवसाचे तास बोटीवर काढणं हाच सगळ्यात त्रासाचा भाग. त्यामुळे मुली पाणी कमी पितात, ते अजिबात करू देऊ नका, उन्हाने डोकं धरतं. सोबत सेफ्टी बोट असते, सांगितलं की सोय करतात. पाळीची तारीख जवळ असेल तर निघायच्या आधीच जीसीआय मॅडमना, म्हणजे मुलींच्या एनसीसी प्रशिक्षिकेला, सांगायला लावा, लाजू नको म्हणावं. रात्री मुलींची राहायची सोय वेगळीच असते.

मिरकरवाडा_७१
आमचं घर मासेमारीतलं. वहिनी, तो काळ समुद्राला चांगलाच असतो. पहाटे जमिनीवरून मतलई सुटते, किनाऱ्याने वर जाणाऱ्याला हा वारा बगलेतून मिळतो, बोट मस्त पळते. दुपारनंतर वायव्येचा खारा वारा धरतो, तो थेट तोंडावर. म्हणून पहाटे निघतात, पोरं कुरकुरली तरी. जपायचं ते खाडीच्या तोंडाशी. ओहोटीचं पाणी जोरात बाहेर पडत असतं आणि समोरून वारा आला की तिथे लाटा उभ्या राहतात, दाभोळला विशेष, वाशिष्ठीचं पाणी आहे ते. आमच्याकडे हिशेब सोपा, तिथीची पाऊणपट करायची की भरतीची वेळ आली. अष्टमीला सहा, म्हणजे बाराच्या सुमाराला ओहोटी पूर्ण. हा मुंबईचा हिशेब, रत्नागिरीला थोडं आधी भरतं. पोरीला आत्ताच शिकवून ठेवा. आणि जाळ्यांचे बोये ओळखायला सांगा, ते पातं त्यात अडकलं तर सोडवताना दम निघतो.

अभय_डोंबिवली
पाठवा, पण युनिटला चार गोष्टी विचारून. सेफ्टी बोट पूर्ण वेळ बरोबर आहे का, लाइफ जॅकेट बोटीत सतत अंगावर बांधलेलं असणार का, हवा बिघडली तर आज निघायचं नाही हे कोण ठरवणार, आणि बंदर खातं नि कोस्ट गार्डला मार्ग कळवलाय का. एकाचं जरी उत्तर गुळमुळीत आलं तर मी माझ्या मुलीला थांबवेन. कोस्ट गार्डचा आणीबाणीचा नंबर १५५४, तो घरच्यांकडेही असू दे. पोहण्याबद्दल जे आहे ते स्पष्ट सांगा. तोवर तिला तलावात अंगावर कपडे आणि जॅकेट घालून नुसतं तरंगायची सवय करू दे, पाण्यात पडल्यावर पोहत सुटायचं नसतं, बोट परत येईपर्यंत शांत राहायचं असतं.

आणि सासूबाईंना तारिणीचं सांगा. गोव्यात बांधलेली शिडाची बोट, २०१७-१८ मध्ये नौदलाच्या सहा महिला अधिकारी तिच्यावरून जग फिरून आल्या, २०२४-२५ मध्ये तर फक्त दोघीच गेल्या. अभिमानाने ऊर भरून येतो हो.

स्वप्ना_कोथरूड
सगळ्यांचे मनापासून आभार. प्रश्न लिहून घेतलेत, उद्या एएनओ सरांना, म्हणजे कॉलेजच्या एनसीसी अधिकाऱ्यांना, फोन करते. सासूबाईंना तिथीचा हिशेब वाचून दाखवला तर पंचांग काढून बसल्यात, हो मात्र अजून म्हणालेल्या नाहीत. बोट लागण्याचं तेवढं राहिलं, तिला घाटातसुद्धा गाडी लागते.

जिबवाली
गोळी डॉक्टरांना विचारूनच, आणि निघायच्या आधी घ्यायची, मळमळायला लागल्यावर घेऊन उपयोग नाही. काहींना झोप येते, म्हणून घरी एकदा घेऊन बघा. रिकाम्या पोटी बसायचं नाही, सुकी पोळी किंवा बिस्किटं, आलेपाक खिशात. नजर क्षितिजावर, बोटीच्या तळाकडे नाही. मळमळलं की कॉक्सनला सांगून टिलर मागायचा, सुकाणू हातात असलं की बऱ्याच जणांचं थांबतं. आणि उलटी आलीच तर वाऱ्याच्या विरुद्ध बाजूला वाकायचं, म्हणजे बोट जिकडे कललीय तिकडे, पण शेजारच्याने जॅकेट धरलेलं असलं पाहिजे. हे तिला आधीच सांगून ठेवा.