मशीन १४२, लॅब १२८

पेंडसे काका (बी-३०२): सर्वांना नमस्कार 🙏 आज उपाशीपोटी घरच्या मशीनवर शुगर १४२. पाठोपाठ लॅबचा मुलगा येऊन रक्त घेऊन गेला, रिपोर्टात १२८! जेवणानंतर तर मशीन २३१ आणि लॅब १८८. हे मशीन भंगारात काढतो. दुसरं कुठलं घ्यावं?

मंदार (ए-१०४): काका, ऑनलाइन सेल चालू आहे, मशीनवर स्ट्रिप्स फुकट.

सेक्रेटरी: उद्या टाकी धुणार, ९ ते १२ पाणी बंद. भरून ठेवा. (काका, मध्येच घुसलो, चालू द्या.)

सावंत ताई (सी-२०१): काका, थांबा जरा. लॅबमध्येच नोकरी झाली माझी, म्हणून सांगते. १२८ आणि १४२ म्हणजे ११ टक्क्यांचा फरक. घरगुती मशीनचा आंतरराष्ट्रीय नियम आहे, आयएसओ १५१९७. २०१३ पासून त्यात असं आहे की शुगर १०० किंवा जास्त असेल तर लॅबपेक्षा १५ टक्के वर-खाली चालतं, १०० च्या आत असेल तर १५ मिलिग्रॅम, म्हणजे आकड्यात १५ वर-खाली. तेही शंभरातल्या ९५ वेळा जमलं की झालं. तुमचं मशीन पास आहे.

पेंडसे काका: १५ टक्के?? आमच्या बँकेत एक रुपयाचा फरक आला तर रात्री आठपर्यंत बसवायचे.

सावंत ताई: 😄 आधीच्या नियमात २० टक्के चालायचे.

पेंडसे काका: बरं, सकाळचं सोडलं. पण २३१ आणि १८८?

सावंत ताई: तिथे दोन्ही आकडे खरे असू शकतात. मशीनला बोटाचं रक्त, लॅबला शिरेतलं. जेवल्यावर साखर आधी बोटाच्या बारीक रक्तवाहिन्यांत पोचते, वाटेत स्नायू त्यातली थोडी उचलतात, उरलेली शिरेत उतरते. त्यामुळे जेवणानंतर बोटाचा आकडा वीस-तीसने, कधी त्याहूनही जास्त वर असतो. उपाशीपोटी हा फरक जवळपास नसतो. मशीन पडताळायचं तर उपाशीपोटीच, आणि दोन्ही रक्तं एकाच वेळी.

आणि लॅबचा आकडा म्हणजे काही वेदवाक्य नाही. नळीत रक्तपेशी जिवंत असतात, साखर खात राहतात. साध्या नळीत तासाला ५ ते ७ टक्के कमी होते. राखाडी टोपणाच्या नळीत हे खाणं थांबवणारं फ्लोराइड असतं, पण त्याचा पूर्ण असर व्हायला तास-दोन तास जातात. तो मुलगा तुमच्याकडून निघून थेट लॅबमध्ये गेला का?

पेंडसे काका: कसला थेट! आपली ई विंग केली, मग स्टेशनपलीकडे गेला. रिपोर्ट संध्याकाळी.

देशमुख वहिनी (ए-४०१): आमच्याकडे परवा ह्यांची शुगर २६४! मी हादरलेच. मग लक्षात आलं, हे आमरसासाठी हापूस पिळत बसले होते. साबणाने हात धुवून घेतली तर १५१.

सावंत ताई: वहिनी, इन्सुलिनवाल्याने त्या २६४ वर डोस वाढवला असता तर? फळाची साखर स्पिरिटच्या बोळ्याने पूर्ण निघत नाही, वाहतं पाणीच हवं. आणि बोट कोरडं करा, ओल्या बोटावर थेंब पातळ होऊन आकडा घसरतो.

शिंदे (डी-५०३): ताई, आईचं हिमोग्लोबिन ८ आहे. तिचं मशीन कायम लॅबपेक्षा जास्तच दाखवतं.

सावंत ताई: ॲनिमियात बऱ्याच मशीनचं तसं होतं. स्ट्रिपच्या कागदावर हिमॅटोक्रिट (रक्तातलं लाल पेशींचं प्रमाण) किती ते कितीपर्यंत चालतं ते लिहिलेलं असतं, बघा. त्यांचा एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा, तोसुद्धा अशा वेळी फसवू शकतो. डॉक्टरांकडे जाताना हिमोग्लोबिनचा रिपोर्ट न्याच.

मंदार: दंडावर सेन्सर लावा ना सरळ.

सावंत ताई: लाव की. पण तो रक्तातली नाही, पेशींच्या अधल्यामधल्या द्रवातली साखर मोजतो, काही मिनिटं मागे असतो. शुगर चढतेय की उतरतेय हे छान कळतं.

पेंडसे काका: शेवटचं विचारतो. मला कधी दुपारी दरदरून घाम फुटतो, हात थरथरतात. मशीन म्हणतं ८२. मग मी गप्प बसतो.

सावंत ताई: अजिबात बसू नका! ही शुगर उतरल्याची लक्षणं असू शकतात. मशीनची ८२ खरी ६७ असू शकते, आणि तरीही मशीन नियमातच. तुम्ही इन्सुलिन घेता. तीन चमचे साखर पाण्यातून घ्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. आणि हे डॉक्टरांना उद्याच सांगा, डोस मनाने बदलू नका.

पेंडसे काका: उद्याच जातो.

जोशी काकू (बी-१०३): आमच्याकडे सासूबाईंच्या स्ट्रिप्सच्या दोन डब्या उरल्यात. कुणाला हव्यात?

सावंत ताई: सीलबंद आहेत का?

जोशी काकू: एक आहे. दुसरी गणपतीत उघडली होती, फ्रिजवर ठेवलेली.

सावंत ताई: उघडलेली टाकून द्या. एकदा फोडली की काही तीन महिने चालतात, काही सहा, आणि झाकण नीट लागलं नसेल तर दमट हवेने त्याआधीच जातात. सीलबंद डबीचा फोटो टाका, तारीख आणि मॉडेल दिसेल असा. एका मशीनची स्ट्रिप दुसऱ्याला चालत नाही.

जोशी काकू: चष्मा सापडला की टाकते.