मदत हवी आहे: पिस्तूल उघडं लावायचंय, बायको सोबत यायला तयार नाही

डलासकर_२१:
ग्लॉक १९ आहे. कमरेला दिसेल असं लावलं की बायको अडून बसते. "ते लटकवून मुलांसमोर फिरायचं नाही." कायद्याने मला पूर्ण मुभा आहे. तिला कसं पटवू? आणि एखादं चांगलं होल्स्टर, म्हणजे पिस्तुलाचं म्यान, सुचवा. जरा लवकर, शनिवारी मंडळाचा कार्यक्रम आहे.

खवचट_काका:
राज्य? परवाना आहे का? एच-१बी की ग्रीन कार्ड? कार्यक्रम कुठल्या हॉलमध्ये? सगळं गाळायचं आणि वर "जरा लवकर"!

डलासकर_२१:
नावावरून कळत नाही का? टेक्सास. ग्रीन कार्ड. परवाना २०२१ पासून लागतच नाही.

सेफ्टी_कुठंय:
अर्धंच खरं. १ सप्टेंबर २०२१ पासून २१ वर्षांपुढच्या, बाकी अपात्र नसलेल्या माणसाला राज्यात परवाना लागत नाही. दिसत असेल तर होल्स्टरमध्ये हवं, इतकंच. पण शाळेपासून १००० फुटांच्या आत केंद्राचा कायदा लागू होतो. तिथल्या सार्वजनिक रस्त्यावर भरलेलं पिस्तूल बाळगायचं तर राज्याचा परवाना हवा. म्हणजे मुलांना चालत शाळेत सोडायला निघालात की गुन्हा.
परवाना काढाच. ४ ते ६ तासांचा वर्ग आणि ५० गोळ्यांची चाचणी: ३ यार्डांवरून २०, ७ वरून २०, १५ वरून १०. २५० पैकी १७५ गुण लागतात.
दारावरच्या पाट्याही वाचा. टेक्सासच्या कायद्याचं कलम लिहिलेलं असतं: ३०.०५ बिनपरवान्यासाठी, ३०.०६ परवानाधारकाने लपवून नेलेल्यासाठी, ३०.०७ त्यानेच उघडं लावलेल्यासाठी. पाटी नसली तरी मालकाने तोंडी सांगितलं की निघायचं.

शर्टाआड:
एवढं पुराण कशाला? पँटच्या कमरेच्या आत, पोटापुढे लावा, वरून सैल शर्ट. भांडण मिटलं. वॉलमार्टनेही २०१९ मध्ये एल पासोच्या गोळीबारानंतर उघडं आणू नका अशीच विनंती केली. परवानाधारकाच्या लपवलेल्याला हरकत घेतली नाही.

सेफ्टी_कुठंय:
नवख्याला पोटापुढे? ग्लॉकला बाहेरून बोटाने लावायची सेफ्टी, म्हणजे ट्रिगर अडवणारी कळ, नसते. परत आत घालताना शर्टाचं टोक किंवा जॅकेटची दोरी ट्रिगरपाशी अडकली की गोळी थेट मांडीत.

शर्टाआड:
तो दोष घाईचा. शर्ट वर धरा, खाली बघा, सावकाश घाला. उघड्यावर मागून कुणी हात घातला तर?

सेफ्टी_कुठंय:
म्हणूनच लेव्हल २, म्हणजे नुसतं घट्ट नाही तर वर कुलूपही असलेलं. कायडेक्सचं (कडक प्लास्टिकचं), ट्रिगर गार्ड पूर्ण झाकणारं, कुलूप अंगठ्याने सुटणारं. ट्रिगरच्या बोटाने बटण दाबायचं नको. घाईत तेच बोट दाब देत सरळ ट्रिगरवर उतरतं. पट्टा दीड इंची, कडक. ऑफिसचा पट्टा वजनाने पिळतो, होल्स्टर बाहेर कलतं आणि मूठ मागच्याच्या हातात आयती येते.

टोरोंटोची_ताई:
आमच्याकडे परवान्याच्या अर्जावरच जोडीदाराची सही मागतात. नसली तर कार्यालय त्याला कळवतं. बरं आहे की नाही?

पेठेतला:
भारतात २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवान्यावर दोनच शस्त्रं. वर निवडणूक आली की पोलीस ठाण्यात जमा करायला लावतात.

खवचट_काका:
विचारलं कुणी?

मुग्धा_ऑस्टिन:
वहिनींचा आक्षेप नेमका कशाला आहे? दिसण्याला असेल तर शर्टाआडचं ऐका. मुलांच्या काळजीपोटी असेल तर शर्टाने काही सुटत नाही, आधी घरात कुठे ठेवता ते सांगा. निष्काळजीपणे ठेवलेलं भरलेलं पिस्तूल १७ वर्षांखालच्या मुलाच्या हाती लागलं तर टेक्सासात तो ठेवणाऱ्याचा गुन्हा. आणि वहिनींचं व्हिसाचं स्टेटस काय? एच-१बीवाल्याला, शिकारीच्या परवान्यासारखे अपवाद सोडले, तर बंदूक आणि गोळ्या दोन्ही बाळगायला बंदी आहे. तिजोरीचा कोड ठाऊक असणं हाही ताबा धरला जाऊ शकतो.

डलासकर_२१:
ती अजून एच-१बीवर आहे. कोड धाकटीची जन्मतारीख. कार्यक्रम मिडल स्कूलच्या सभागृहात आहे. होल्स्टरचं मॉडेल मात्र कुणीच सांगितलं नाही.

सेफ्टी_कुठंय:
शाळेची इमारत! तिथे शाळेच्या लेखी परवानगीशिवाय परवानाधारकालाही चालत नाही, थेट फेलनी, म्हणजे गंभीर गुन्हा. शनिवारी पिस्तूल घरी. गाडीतही नको.

मुग्धा_ऑस्टिन:
आणि कोड आजच बदला. त्यांना सांगू नका. का ते मात्र सांगा.

शर्टाआड:
मॉडेल व्यनि (खाजगी निरोप) केलंय. पँटच्या आतलं आहे.