कट्ट्याच्या बॅगवर ठोसे मारून हात सोलले, ग्लोव्हज कोणते घ्यावेत?

मोंढ्यातला_मुनीम (लातूर)

राम राम मंडळी. वय 43, वजन 84. मोंढ्यात आडतीवर हिशोब लिहितो, म्हणजे दिवसभर बूड गादीवर. दिवाळीत शुगर निघाली. डॉक्टर म्हणाले, चाला. दोन महिने चाललो, पण निस्तं गोल गोल फिरायचं म्हणजे घाण्याच्या बैलासारखं वाटायलं. म्हणून गच्चीवर पत्र्याच्या अँगलला बॅग टांगली. विकतची नाही. सोयाबीनचे दोन रिकामे कट्टे एकात एक घातले, खाली वाळू, वर भुसकट, आणि तोंड आमच्या हमालानं दाभणानं शिवून दिलं.

मजा येते, खोटं कशाला बोलू. पण तीन आठवड्यांत उजव्या मुठीची कातडी सोलली, करंगळीच्या मुळाशी सूज आली, आणि सकाळी बादली उचलली की मनगटात कळ. सध्या मेडिकलमधलं क्रेप बँडेज गुंडाळतो, वरून मोटारसायकलचे हातमोजे. बायको म्हणते, दरोडा घालायला निघालात का.

इथं एका दुकानात 8 औंसाचे 600 रुपयांना आहेत. ऑनलाइन 12, 14, 16 दाखवायलेत. औंस म्हणजे साइज का? आतून पट्ट्या बांधाव्याच लागतात का? बजेट दीड हजार.

वळणावरचा_पैलवान (अहमदपूर)

मुनीमजी, वाळूच्या पोत्याला ठोसे मारायलाव अन् हात दुखतो म्हणायलाव! पोत्याला विचारा त्याला काय झालंय.

तिसरी_घंटा (नांदेड)

दादा, विद्यापीठाकडून खेळले आहे, आता पोरींना शिकवते. ग्लोव्हजचं नंतर बोलू, आधी ती वाळू काढा. हलली की ती खाली उतरते आणि बसते. आठ दिवसांत तुमच्या बॅगचा खालचा हातभर भाग दगड झालेला असणार. कमरेच्या उंचीवर मारलेला ठोसा भिंतीवर मारल्यासारखाच. शिंप्याकडून चिंध्या आणा, जुन्या साड्या-चादरी फाडून टाका, पण बटणं, हुक, चेन एकूण एक काढा. दर वितीला दाबून भरा. तुमच्या वजनाच्या निम्मी, चाळीसेक किलो झाली की पुरे.

पट्ट्या लागतातच. ग्लोव्ह बाहेरून मार झेलतो, पण आतली बारकी हाडं एकत्र धरून ठेवते ती पट्टी. 180 इंची घ्या, म्हणजे साडेचार मीटर. क्रेप बँडेज चालवून नेता येतं, पण चार दिवसांत त्याचा ताण जातो आणि अंगठ्यात अडकवायला फासा नसतो. बांधताना बोटं फाकवून ठेवा. बोटं मिटून बांधली तर मूठ वळताना पट्टी आवळते आणि बोटांना मुंग्या येतात. आधी मनगटाला तीन वेढे, मग मुठीवर तीन, मग बोटांच्या बेचक्यांतून, उरलेली परत मनगटाला. तुमची कळ मनगटात आहे, तिथं कंजूषी नको. धुतल्यावर गुंडाळताना चिकटपट्टीचं टोक आत ठेवा. हे सगळेच एकदा चुकतात.

औंस म्हणजे एका ग्लोव्हचं वजन. 16 औंस म्हणजे साधारण 450 ग्रॅम. वजन वाढलं की सहसा गादीही जाड होते. 84 किलोच्या माणसानं बॅगसाठी 8 औंस घेऊच नये. 14 घ्या, खांद्याला झेपत असेल तर 16. दुकानात पट्टी बांधूनच घालून बघा आणि मुठीवरच्या भागात अंगठा रोवा. आतलं हाड हाताला लागलं तर ठेवून या, कितीही चकचकीत असू दे. एकटेच असता, तेव्हा रुंद वेल्क्रोचे बघा. लेसवाले बांधायला दुसरा माणूस लागतो. जालंधर-मेरठकडचा साधा रेक्झिनचा माल तुमच्या बजेटात बसेल, पट्ट्यांसकट. कातडीच्या मागं लागू नका.

आणि उन्हात वाळवू नका. आपल्याकडच्या एप्रिलच्या उन्हात रेक्झिनला तडे जातात. आत पेपरचे बोळे कोंबून सावलीत, वाऱ्यावर टांगा. नाहीतर आठवड्यात असा वास येतो की वहिनी ग्लोव्हज आणि तुम्ही, दोघांनाही गच्चीवरच ठेवतील.

एक्सरेवाला (परभणी)

करंगळीच्या मुळाशी सूज म्हटलात म्हणून लिहितो. ठोसा बाहेरच्या बाजूनं लागला की करंगळीमागचं तळहाताचं हाड मोडतं. आमच्याकडं असे हात येतात, त्यात बॉक्सर कमी आणि दारावर, भिंतीवर राग काढलेले जास्त. तर्जनी आणि मधल्या बोटामागची हाडं मनगटाशी पक्की बसलेली असतात, करंगळीमागचं हलतं. म्हणून मार पहिल्या दोन हाडांवर यायला पाहिजे, मनगट सरळ.

हळूच मूठ मिटून बघा. करंगळी शेजारच्या बोटावर चढत असेल तर आजच डॉक्टर गाठा. अंगठा वर ताणल्यावर मनगटाशी चिमूटभर तंबाखू मावेल असा खळगा पडतो, तिथं दाबून दुखलं तरीही. तिथलं हाड मोडलेलं पहिल्या एक्सरेत कधीकधी दिसत नाही, दहा-चौदा दिवसांनी परत काढावा लागतो. आणि शुगर आहे तर सोललेल्या कातडीवर खपली धरेपर्यंत बॅगला हात लावू नका.

मोंढ्यातला_मुनीम (लातूर)

ताई, एक्सरेवाले भाऊ, आभार. फोटो काढला, हाड शाबूत आहे, निस्ती मुकामार. तीन आठवडे सुट्टी सांगितली.

तेवढ्यात कट्टा उसवला. ताई म्हणाल्या तेच, खाली वाळू विटेसारखी बसलेली, आणि तिच्यात सुपारीएवढा एक खडा! मी रोज त्यालाच मारायलो होतो की काय कोण जाणे. आता चिंध्या भरल्यात. 14 औंसाचे घेतले, पट्ट्यांसकट 1,380 झाले. पहिल्याच धुण्यानंतर चिकटपट्टी बाहेर ठेवून गुंडाळली आणि दुसऱ्या दिवशी साडेचार मीटर परत उलगडत बसलो. दोरीवर वाळत घातलेल्या बघून शेजारच्या काकूंनी विचारलं, घरात कुणाचं काय मोडलं?

आता नवीन भानगड. नववीतली पोरगी मागं लागलीय. वजन 45. माझेच ग्लोव्हज चालतील का तिला?

तिसरी_घंटा (नांदेड)

नाही दादा. तुमच्या ग्लोव्हमध्ये तिची मूठ नीट मिटणार नाही, आणि सैल मुठीनं मारलं की अंगठा जातो. तिला तिच्या मापाचे 10 औंसाचे आणि 108 इंची पट्ट्या घ्या. आमच्याकडंही 2022 ला शेजारच्या निझामाबादची निखत झरीन विश्वविजेती झाली तेव्हा पोरी अशाच मागं लागल्या होत्या. पहिला महिना तिला बॅगला जोरात मारू देऊ नका, निस्तं मनगट सरळ ठेवून टेकवायला लावा. तुम्हीही तिच्याबरोबर तेच करा.